नागपूरची रात्रीची हवाई डाक व तिच्या विस्मृत विमान-कंपन्या

(१) प्रास्ताविक

नागपूरच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे गोंड राजांच्या सनदा, भोसल्यांच्या दफ्तरांतील पत्रें, रेसिडेंट जेंकिन्स ह्याचा अहवाल आणि फार तर रेल्वे व गिरण्या ह्यांच्या स्थापनेचे कागद, एवढ्यांवर संशोधकाची दृष्टि सहसा थांबते. त्यापुढील काल हा आपलाच काल. तो सर्वांस ठाऊक आहे, त्याचें संशोधन तें काय करावयाचें, अशी एक समजूत असते. ही समजूत किती फसवी आहे ह्याचें एक उदाहरण प्रस्तुत लेखांत मांडण्याचें योजिलें आहे.

स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर मध्यरात्रीच्या सुमारास मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ह्या चार दिशांकडून विमानें उतरत, परस्परांच्या टपालाच्या थैल्या बदलून घेत आणि उजाडण्यापूर्वीं निघून जात. ही रात्रीची हवाई डाक इ. स. १९४९ च्या जानेवारींत सुरू झाली व ऑक्टोबर १९७३ पर्यंत चालली. तिच्याविषयीं जी आठवण लोकांत शिल्लक आहे ती बहुधा 'इंडियन एअरलाइन्सची डाक' अशीच आहे. परंतु इंडियन एअरलाइन्स हें महामंडळ स्थापन झालें तें १९५३ सालीं, आणि त्यानें विमानें ताब्यांत घेतलीं तीं त्या वर्षाच्या १ ऑगस्ट रोजीं. म्हणजे डाकेचा आरंभ व महामंडळाचा आरंभ ह्यांत साडेचार वर्षांचें अंतर पडतें. ह्या साडेचार वर्षांत डाक कोणीं चालविली? ज्यांनीं चालविली त्यांचीं नांवें आज नागपुरांत कोणाच्या तोंडीं नाहींत. कालानुक्रमाची एवढी साधी गोष्टही सत्तर-पाऊणशें वर्षांत पुसट होते, तर दोनशें वर्षांपूर्वींच्या घटनांविषयीं परंपरागत सांगीवांगीवर किती विसंबावें, हें वाचकांनींच ठरवावें.

(२) पूर्वपीठिका

पत्र वेगानें पोंचविण्याची निकड नवी नव्हे. मराठशाहींत जासूद व हरकारे पत्रें घेऊन धांवत. त्या काळच्या पत्रांचे अभ्यासक जाणतातच कीं, पत्र लिहिल्याची मिति व मुक्काम जितका महत्त्वाचा, तितकाच पत्र पोंचल्यावर त्यावर केलेला 'पौ' हा शेराही महत्त्वाचा असतो. दोहोंतील अंतरावरून वाट किती दिवसांची होती, रस्ता बंद होता कीं मोकळा, मध्यें कांहीं उपद्रव होता कीं काय, ह्यांचें अनुमान करितां येतें. ह्या पद्धतीचा उपयोग पुढें आम्हांस पुन्हां करावयाचा आहे.

हिंदुस्थानांत विमानानें टपाल नेण्याचा पहिला अधिकृत प्रयोग १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादेस झाला. आंरी पेके नांवाच्या फ्रेंच वैमानिकानें सुमारें साडेसहा हजार पत्रें यमुनेपलीकडे नैनी येथें नेलीं. नियमित हवाई टपाल मात्र पुष्कळ पुढचें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू येथें टपालाचें विमान आणलें, आणि तेथून तें नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनीं मद्रासेकडे नेलें. ह्या दोन्ही घटना प्रसिद्ध आहेत. नागपूरचा संबंध ह्यांपैकीं कशाशींच नाहीं. नागपुरास विमानें उतरण्याची जागा पहिल्या महायुद्धाच्या काळीं, १९१७-१८ च्या सुमारास, लष्करी गरजेनें तयार झाली, आणि दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश हवाई दलानें मुक्कामाचें ठिकाण म्हणून तिची डागडुजी केली. युद्ध संपल्यावर ती हिंदुस्थान सरकारकडे आली. अर्थात् सोनेगांवचा विमानतळ नगरवासीयांच्या मागणीनें नव्हे, तर युद्धाच्या सोयीनें जन्मास आला.

युद्धाचा दुसरा वारसा म्हणजे डाकोटा विमानें. डग्लस कारखान्याचें हें दोन इंजिनांचें विमान युद्धकाळांत हजारोंनीं तयार झालें होतें. युद्ध संपतांच अमेरिकन सैन्यानें तीं विमानें जेथल्या तेथें मोडींत काढलीं, आणि हिंदुस्थानांतील भांडवलदारांनीं तीं अल्प किंमतीस विकत घेतलीं. विमान स्वस्त झालें म्हणून विमान-कंपनी काढणेंही सोपें वाटूं लागलें. इ. स. १९४६ मध्यें सरकारनें परवाने देण्यासाठीं एक मंडळ नेमिलें. त्यानंतर थोड्याच काळांत एअर इंडिया, इंडियन नॅशनल एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ह्या जुन्या कंपन्यांच्या जोडीस डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, एअरवेज (इंडिया), कलिंग, अंबिका, ज्युपिटर, ओरिएंट, इंडियन ओव्हरसीज, हिमालयन अशीं अनेक नांवें उदयास आलीं. ह्यांपैकीं ओरिएंट ही फाळणीनंतर कलकत्त्याहून कराचीस गेली व पुढें पाकिस्तानच्या सरकारी विमानसंस्थेंत विलीन झाली. अंबिका व ज्युपिटर ह्या अल्पायुषी ठरल्या. डेक्कन एअरवेज ही निजामाचें हैदराबाद संस्थान व टाटा ह्यांच्या भागीदारींतून निघाली. हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरून तिचा कारभार चाले, व हैदराबादेहून दिल्लीकडे जाणारीं तिचीं विमानें नागपुरावरून जात. दिवसाच्या विमान-वाहतुकींत नागपूरचें स्थान एवढेंच, म्हणजे वाटेवरचें एक ठाणें.

(३) योजना व तिचें गणित

हें वाटेवरचें ठाणें मध्यवर्ती करण्याचें श्रेय तत्कालीन दळणवळण-मंत्री रफी अहमद किडवाई ह्यांच्या योजनेस द्यावें लागतें. चार महानगरांतील संध्याकाळचें टपाल दुसऱ्या दिवशीं सकाळीं इतर तीन नगरांत वांटलें जावें, असा तिचा उद्देश होता.

'नागपूर हिंदुस्थानच्या मध्यावर आहे म्हणून निवडलें' एवढें सांगून ह्या निवडीचें स्पष्टीकरण सहसा केलें जातें. तें खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. मध्यबिंदु ही नकाशावरची गोष्ट होय. डाकेस खरी अट घातली होती ती रात्रीच्या लांबीनें. हवेंतील सरळ अंतर धरिलें असतां नागपुराहून मुंबई सुमारें ४२५ मैल, दिल्ली सुमारें ५३०, मद्रास सुमारें ५६५ आणि कलकत्ता सुमारें ६१० मैल आहे. डाकोटाचा प्रवासवेग ताशीं सुमारें १६० मैल धरावा. म्हणजे मुंबईचें विमान पावणेतीन तासांच्या आंत, दिल्लीचें सुमारें सव्वातीन तासांत, मद्रासचें साडेतीन तासांत व कलकत्त्याचें पावणेचार तासांच्या आसपास नागपुरास पोंचतें. आतां सर्वांत लांबचें पत्र घ्या. तें मद्रासेहून कलकत्त्यास जावयाचें आहे. साडेतीन तास येण्याचे, पावणेचार जाण्याचे, आणि थैल्या बदलण्यास व तेल भरण्यास तास-सव्वा तास. एकूण बेरीज साडेआठ तासांची झाली. रात्रीं नवाच्या सुमारास निघालेलें पत्र पहांटे साडेपांच-सहांस पोंचलें. दुकानें बंद झाल्यापासून डाकवाला फेरीस निघेपर्यंतचा जो अवधि, त्यांत हा सर्व व्यवहार नेमका बसतो.

दुसरें गणित विमानांच्या संख्येचें. चार नगरें परस्परांस थेट जोडावयाचीं तर सहा मार्ग लागतात. मध्यें एक गांठ मारिली कीं चार मार्गांत काम भागतें. शिवाय प्रत्येक नगरानें तीन निरनिराळ्या विमानांत तीन अर्ध्या रिकाम्या थैल्या भरण्याऐवजीं एकाच विमानांत सर्व टपाल घालावयाचें. नागपूर हें अशा रीतीनें शहर म्हणून नव्हे, तर गांठ म्हणून निवडलें गेलें. त्या टपालापैकीं फारच थोडें नागपूरकरांचें असे. रात्रभर शेजारून साऱ्या देशाचीं पत्रें जात आणि शहर झोंपलेलें असे.

विषयांतराचा दोष पत्करून येथें एक गोष्ट नमूद करितों. संस्कृतांत 'विमान' हा शब्द 'वि' उपसर्ग व 'मा' म्हणजे मोजणें ह्या धातूपासून साधला जातो. मापीत जाणारें, अंतर आक्रमिणारें, हा त्याचा मूळ भाव. वरील सर्व योजना ही अंतर व काल ह्यांच्या मापणीचीच असल्यामुळें हा शब्द येथें जितका सार्थ होतो तितका क्वचित्‌च होत असेल. आणि नागपुरापासून जवळच असलेलें रामटेक हेंच मेघदूतांतील रामगिरि होय, असें मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं साधार मांडिलें आहे. तें मान्य केल्यास आकाशमार्गानें निरोप धाडण्याची कविकल्पना ह्याच प्रदेशांत जन्मली असें म्हणावें लागतें. फरक एवढाच कीं, यक्षानें ज्या मेघास दूत केलें, त्याच मेघास वैमानिक शत्रु मानितो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ह्या डाकेची खरी कसोटी लागत असली पाहिजे.

(४) आरंभ, खंड व पुनरारंभ

ही डाक ३० जानेवारी १९४९ च्या रात्रीं सुरू झाली. महात्मा गांधींच्या निधनास त्या दिवशीं एक वर्ष पूर्ण होत होतें. डाकेचें काम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स ह्या कंपनीनें पत्करिलें. पुढें १ एप्रिल १९४९ पासून टपालखात्यानें आणखी एक मोठें पाऊल टाकिलें. देशांतर्गत पत्रें विमानानें नेल्यास जादा आकार घेत असत, तो रद्द केला. जेथें विमानानें पत्र लवकर पोंचत असेल तेथें तें साध्या तिकिटावरच विमानानें जावें, असा नियम झाला. ह्या नियमाचें महत्त्व आज सहज ध्यानीं येत नाहीं. तोंवर हवाई टपाल हें धनिकांचें, व्यापाऱ्यांचें व सरकारी कचेऱ्यांचें साधन होतें. आतां परगांवीं नोकरी करणाऱ्या कारकुनाचें साधें पत्रही, पाठविणाऱ्यास किंवा घेणाऱ्यास न कळतां, आकाशमार्गानें जाऊं लागलें.

परंतु ज्या कंपनीच्या विमानांनीं आरंभ झाला ती फार काळ टिकली नाहीं. पैशाच्या अडचणीमुळें १९४९ च्या मध्यासच तिचें काम थांबलें व रात्रीची डाक खंडित झाली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हिमालयन एव्हिएशन ह्या दुसऱ्या लहान कंपनीनें ती पुन्हां सुरू केली. तिच्याकडे दिवसाच्या नियमित मोठ्या मार्गांचें वैभव नव्हतें. तिची गणना अनियमित वाहतूक करणाऱ्या कंपन्यांत होई. ज्यांच्यापाशीं विमानें होतीं, वैमानिक होते, पण किफायतशीर मार्ग नव्हते, अशांनींच रात्रीचें हें जोखमीचें काम पत्करावें, हें स्वाभाविक होय. दिवसाचे राजमार्ग वांटले गेल्यावर उरलेली रात्र ह्या कंपन्यांच्या वांट्यास आली, असें आम्ही समजतों.

ह्या योजनेस विरोध झाला, आणि तो सामान्य माणसाकडून झाला नाहीं. जे. आर. डी. टाटा ह्यांनीं तिच्यावर जाहीर टीका केली. रात्रीं विमान उतरविण्यास लागणारी सामग्री विमानतळांवर पुरेशी नाहीं, आणि हिशेबाच्या दृष्टीनेंही ही योजना परवडणारी नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. मंत्री व उद्योगपति ह्यांचा हा वाद त्या वेळीं बराच गाजला. त्याचा निर्णय करितांना संशोधकानें पक्षकार होऊं नये. टाटांचें आर्थिक भाकित पहिल्या कंपनीपुरतें कांहीं महिन्यांतच खरें ठरलें, हें मान्य केलें पाहिजे. उलटपक्षीं, ज्या योजनेस अविचारी म्हटलें गेलें ती पुढें जवळजवळ पंचवीस वर्षें चालली, हेंही तितकेंच खरें आहे. दोन्ही विधानें एकत्र ठेविलीं म्हणजे निष्कर्ष असा निघतो कीं, योजना लोकांस उपयोगी होती, परंतु ती स्वतःच्या उत्पन्नावर लहान कंपनीस पेलण्यासारखी नव्हती. उपयुक्तता व किफायत ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचें अनुमान केल्यामुळेंच वादांत दोन्ही पक्षांस आपण जिंकलों असें वाटलें.

(५) कंपन्यांचा अंत

लहान विमान-कंपन्या कां बुडाल्या ह्याचें कारण कोणा एकाच्या अव्यवहारांत शोधण्याची गरज नाहीं. विमानें स्वस्त होतीं. तीं चालविणें स्वस्त नव्हतें. पेट्रोल महाग, सुटे भाग परदेशांतून यावयाचे, प्रवासी मोजके, आणि त्या मोजक्या प्रवाशांसाठीं परवानेधारक अनेक, अशी परिस्थिति होती. ह्या सर्व प्रश्नाची चौकशी करण्यासाठीं सरकारनें १९५० सालीं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति ग. स. राजाध्यक्ष ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. पुढें पहिल्या वृत्तपत्र-आयोगाचे अध्यक्ष झाले तेच हे राजाध्यक्ष. देशांतील वाहतुकीच्या मानानें कंपन्या फार झाल्या आहेत, त्यांनीं एकत्र येऊन थोड्या पण भक्कम कंपन्या व्हाव्यात, आणि राष्ट्रीयीकरण तूर्त करूं नये, असा समितीचा साधारण अभिप्राय पडला. आपखुषीनें एकत्र येणें कंपन्यांकडून झालें नाहीं. अखेर १९५३ सालीं संसदेनें हवाई महामंडळांचा कायदा केला. त्या वेळीं दळणवळण-खातें जगजीवन राम ह्यांच्याकडे होतें.

१ ऑगस्ट १९५३ रोजीं आठ कंपन्यांची देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली : एअर इंडिया, इंडियन नॅशनल एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, एअरवेज (इंडिया), कलिंग एअरलाइन्स व हिमालयन एव्हिएशन. महामंडळाच्या वांट्यास एकूण ९९ विमानें आलीं. त्यांत ७४ डाकोटा, १२ व्हायकिंग व ३ स्कायमास्टर होतीं. ह्या यादींत हिमालयनचें नांव शेवटीं किंवा शेवटाच्या जवळ येतें, आणि इंडियन ओव्हरसीजचें तर येतच नाहीं. कारण विलीन होण्यापुरतीही ती उरली नव्हती. जी संस्था विलीन होते तिचे कागद उत्तराधिकाऱ्याकडे जातात. जी बुडते तिचे कागद कोणाकडेच जात नाहींत. इतिहासांत मांडलिक संस्थानांचीं दफ्तरें उरतात, पण उजाड झालेल्या गढीचा हिशेब उरत नाहीं, तोच हा प्रकार होय.

(६) १२ डिसेंबर १९५३ ची रात्र

महामंडळानें डाक हातीं घेतल्यास साडेचार महिनेही झाले नव्हते, तोंच सोनेगांवास मोठा अपघात झाला. १२ डिसेंबर १९५३ रोजीं पहांटेपूर्वीं मद्रासकडे निघालेलें डाकोटा विमान उड्डाणानंतर लगेच एका इंजिनाची शक्ति गेल्यामुळें कोसळलें. टपालाबरोबर उतारूही नेत असत. तेरा माणसें मृत्यु पावलीं. मुख्य वैमानिक तेवढा वांचला. ह्या अपघाताचा संबंध टाटांनीं घेतलेल्या आक्षेपाशीं जोडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. त्यांचा आक्षेप मुख्यतः जमिनीवरील सामग्रीविषयीं होता. येथें बिघाड झाला तो इंजिनांत. एकामागून दुसरें घडलें म्हणून पहिलें दुसऱ्याचें कारण, हा न्याय बखरकारांस शोभतो, संशोधकांस नव्हे.

ह्या अपघाताचा एक कागद मात्र टिकला आहे व तो महत्त्वाचा आहे. मृतांपैकीं एका उतारूच्या विधवेनें महामंडळावर नुकसानभरपाईचा दावा केला. तो कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेला, व त्याचा निवाडा १९६५ च्या निवाडेसंग्रहांत छापलेला आहे. वाद फिरला तो तिकिटावर छापलेल्या अटींवर. अपघातांत उतारूस इजा झाली किंवा मृत्यु आला तर वाहक जबाबदार नाहीं, असें कलम त्या अटींत होतें. १९३४ चा हवाई वाहतुकीचा कायदा आंतरराष्ट्रीय प्रवासास संरक्षण देई, परंतु देशांतल्या देशांत जाणारा उतारू त्याच्या कक्षेबाहेर राहिला होता. अशा स्थितींत तिकीट हाच करार, आणि करारांतील कलम बंधनकारक, असा निर्णय होऊन निकाल शेवटीं विधवेच्या विरुद्ध गेला. १९७२ सालीं नवा कायदा झाला व त्यांत देशांतर्गत प्रवासासही तो लागू करण्याची तरतूद झाली.

वाचकांस हा कागद दाखविण्याचा आमचा हेतु असा. डाकेच्या इतिहासांत थैल्यांचीं वजनें, मैल व तास ह्यांचा हिशेब येतो. पण त्या डाकेची किंमत कोणीं व कोणत्या शर्तीवर मोजली, हें त्या हिशेबांत येत नाहीं. तें तिकिटाच्या मागील बारीक अक्षरांत होतें. उतारूनें तें वाचलें असेल कीं नाहीं कोण जाणे. कतबा लिहून देणाऱ्यास निदान साक्षीदारांसमक्ष तो वाचून तरी दाखवीत.

(७) साधनांविषयीं

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ज्या कंपन्यांनीं कागद मागें ठेविले नाहींत, त्यांचा इतिहास लिहावयाचा कशावरून? आमचें उत्तर असें कीं, त्यांनीं वाहिलेल्या पत्रांवरून.

त्या काळीं पत्रावर दोन ठिकाणीं शिक्का बसे. तिकिटावर पाठविणाऱ्या कचेरीचा, आणि पाकिटाच्या पाठीवर पोंचलेल्या कचेरीचा. हा पाठीवरील शिक्का म्हणजे आमच्या जुन्या पत्रांवरील 'पौ' शेराच होय. दिल्लीस एका संध्याकाळीं टाकलेलें पत्र मद्रासेस दुसऱ्या दिवशीं वांटपाच्या शिक्क्यानिशीं आलें असेल तर रात्रीची डाक त्या रात्रीं चालली. एक दिवस उशीर झाला असेल तर ती चुकली, किंवा बंद होती, किंवा पाऊस आडवा आला. अशीं शें-दोनशें पाकिटें तारीखवार लाविलीं तर १९४९ च्या उन्हाळ्यांत खंड नेमक्या कोणत्या दिवसापासून पडला, पुन्हां गाडी रुळावर केव्हां आली, पावसाळ्यांत किती रात्रीं चुकल्या, हें कोणत्याही अहवालाची वाट न पाहतां सिद्ध करितां येईल. अर्थात् सावधगिरी पाहिजे. एका पाकिटावरून कांहींच ठरत नाहीं. पेटींतील पत्र शेवटच्या फेरीनंतर टाकलेलें असेल, मध्यें रविवार आला असेल, किंवा तें दिवसाच्या विमानानें गेलें असेल. म्हणून एकाच मार्गावरचीं अनेक पत्रें जुळलीं तरच निष्कर्ष काढावा.

ह्या कामांत सर्वांत मोठा अडथळा काळाचा नसून संग्राहकांच्या एका संवयीचा आहे. तिकिटांचे शौकीन पाकिटावरील तिकीट कापून किंवा भिजवून काढितात व पाकीट फेंकून देतात. तिकीट लाखोंनीं छापलेलें असतें. पाठीवरचा शिक्का त्या एका रात्रीचा असतो. सनदेवरील मोर्तब कापून घेऊन सनद चुलींत घालणाऱ्यास आपण काय म्हणूं? प्रकार तोच आहे. जुनीं घरगुती पत्रें जाळून टाकण्यापूर्वीं निदान १९४९ ते १९५३ ह्या वर्षांचीं पाकिटें, दोन्ही बाजू शाबूत ठेवून, वेगळीं काढावींत, अशी सर्व संग्राहकांस आमची विनंति आहे. पाकिटांतील मजकूर खासगी असेल तर तो घरांतच राहूं द्यावा. इतिहासास पाकीट पुरे.

दुसरें साधन विमानांच्या नोंदणीचें. प्रत्येक हिंदी विमानाच्या अंगावर 'व्हीटी' ह्या अक्षरांनीं आरंभ होणारी खूण असते. ती विमानाबरोबर राहते. कंपनी बदलली तरी खूण सहसा बदलत नाहीं. त्यामुळें एकच डाकोटा लष्कराकडून कोणत्या कंपनीकडे, तेथून कोणाकडे व शेवटीं महामंडळाकडे कसें गेलें, ह्याची वंशावळ लाविता येते. ह्या अक्षरांचा अर्थ 'व्हाइसरॉयचा मुलूख' असा सांगण्याची रूढि आहे. ती लोकव्युत्पत्ति दिसते. 'व्ही'नें सुरू होणाऱ्या जोड्या ब्रिटिश साम्राज्यांतील निरनिराळ्या देशांस वांटलेल्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या विमानांवरील 'व्हीएच' ही त्यांतलीच. ऑस्ट्रेलियांत व्हाइसरॉय कधींच नव्हता. आकर्षक व्युत्पत्ति पुढें आली म्हणजे शेजारचीं रूपें तपासावींत, हा व्याकरणाचा नियम येथेंही उपयोगीं पडतो.

तिसरें साधन म्हणजे किरकोळ छापील कागद : वेळापत्रकें, सामानावरच्या चिठ्ठ्या, भागधारकांचीं प्रमाणपत्रें, तिकिटांचीं अर्धीं, वैमानिकांच्या उड्डाणवह्या. हे कागद बनविले गेले तेच टाकून देण्यासाठीं. म्हणून ते दुर्मिळ. ताम्रपट टिकावा म्हणून तांब्यावर कोरला. वेळापत्रक पुढच्या महिन्यांत रद्द व्हावें म्हणूनच छापलें. पण ज्या कंपनीचें आयुष्यच कांहीं महिन्यांचें, तिचें वेळापत्रक हाच तिचा ताम्रपट समजला पाहिजे.

(८) उपसंहार

वरील विवेचनाचें सार असें. नागपूरची रात्रीची हवाई डाक ही सरकारी महामंडळाची निर्मिति नव्हे. कल्पना मंत्र्याची, गणित भूगोलाचें, आणि पहिल्या वर्षांतील श्रम व तोटा खासगी लहान कंपन्यांचा. महामंडळास ती चालती मिळाली व त्यानें ती वीस वर्षें निष्ठेनें चालविली. हें त्याचें श्रेय कोणी नाकारीत नाहीं. परंतु इमारत ज्यानें पूर्ण केली त्याच्या नांवाच्या शिळेबरोबर पाया खणणाऱ्याचेंही नांव असावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

ऑक्टोबर १९७३ नंतर सोनेगांवची ती मध्यरात्रींची गजबज थांबली. २००५ सालीं विमानतळास डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचें नांव दिलें गेलें. इंडियन ओव्हरसीज व हिमालयन ह्यांच्या पाऊलखुणा आतां तेथें शोधून सांपडावयाच्या नाहींत. त्या असतीलच तर देशभरच्या पेट्यांत, पिवळ्या पडलेल्या पाकिटांच्या पाठीवर, अर्धवट उमटलेल्या वाटोळ्या शिक्क्यांत आहेत. ज्यांच्या संग्रहीं अशीं पाकिटें असतील त्यांनीं त्यांच्या दोन्ही बाजूंच्या तारखा उतरून मंडळाकडे पाठवाव्यात. पुरेशा तारखा जमल्या म्हणजे पहिल्या वर्षांतील प्रत्येक रात्रीची याद तयार करितां येईल. तें काम एकट्या-दुकट्याच्यानें होणारें नव्हे.